पळत्या जोडीचा चष्मा

माझ्या खोलीत येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिला प्रश्न एकच विचारते: तुम्हाला काय बघायचं आहे? किती दिसतं ते मशीन सांगतं. काय बघायचं आहे ते मात्र त्या माणसालाच ठाऊक असतं. आणि उत्तरं अशी येतात की घरी जाऊन आरशासमोर एकेकाची नक्कल केल्याशिवाय मला जेवण गोड लागत नाही. एका आजोबांना डाळीतले खडे बघायचे होते, कारण सून ते मुद्दाम ठेवते असा त्यांचा पक्का संशय होता. आंबागडच्या एका बाईंना शेजारणीच्या नव्या साडीचा काठ बघायचा होता, तोही तिच्या नकळत. आणि साकोलीकडच्या उरकुडाजींनी, खुर्चीत ताठ बसून, दोन शब्दांत सांगितलं, "पयती जोडी."

पयती म्हणजे पळती, एवढं कळलं. मी विचारलं, कोणाची जोडी? माझ्या डोक्यात नवरा-बायको. ते माझ्याकडे असे बघायला लागले, म्हणजे माझ्या कानाकडे, कारण त्यांना सरळ बघितलेलं दिसत नव्हतं, जणू मीच आंधळी. सोबत आलेल्या अनुसयाबाई, त्यांच्या पत्नी, पदर तोंडाला लावून हसल्या आणि म्हणाल्या, बैलांची जी मॅडम, पटाची.

पण आधी माझ्या धंद्याबद्दल सांगते. भंडाऱ्याच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात मी तेवीस वर्षं काम करते. मी डॉक्टर नाही. डॉक्टरांचं ऑपरेशन झालं, औषधं झाली, नेहमीचा चष्मा झाला आणि तरी माणूस म्हणाला दिसत नाही, की त्याला व्हरांड्याच्या टोकाच्या माझ्या खोलीत पाठवतात. दारावर 'अल्पदृष्टी विभाग' अशी पाटी आहे. पूर्ण आंधळी नव्हेत आणि धड डोळसही नव्हेत अशा मधल्या माणसांची ही खोली. मी दृष्टी वाढवत नाही. आहे तेवढी कशी वापरायची ते शिकवते. पूर्वी माझं भांडवल म्हणजे भिंगं, छोट्या दुर्बिणी, चांगला दिवा आणि जाड काळे पेन. मग डोक्यावर घालायचे इलेक्ट्रॉनिक चष्मे निघाले आणि माझ्या खोलीचा सिनेमा झाला.

त्या हिवाळ्यात असे तीन चष्मे एकाच वेळी महिनाभर वापरून बघायला आमच्याकडे आले. दवाखान्याला त्यातला एक ठेवून घ्यायचा होता. कोणता, ते मी पेशंटवर ताडून बघून ठरवायचं. कंपन्यांनी त्यांना इंग्रजी नावं दिली होती. आम्ही पहिल्याच दिवशी बारसं केलं.

थोरला म्हणजे पोहणाऱ्याच्या गॉगलला विटेची जाडी दिली तर दिसेल तसा. पुढे कॅमेरा, आत दोन डोळ्यांसमोर दोन छोटे पडदे. कॅमेरा जे टिपतो ते मोठं करून, उजळून तो पडद्यावर दाखवतो. बोलका अगदी उलटा. साध्या चष्म्याच्या काडीला चिकटणारा बोटाएवढा कॅमेरा, तो दाखवत काहीच नाही, पण समोर काय आहे ते कानात सांगतो आणि छापलेलं वाचून दाखवतो. तिसरा शेपटीवाला. दिसायला नाजूक, नट्यांच्या गॉगलसारखा, पण मागून एक वायर निघून खिशातल्या मोबाइलला जोडलेली. चित्र तयार करायचं काम मोबाइलचं, त्यामुळे अर्ध्या तासात खिशात पापड भाजता यावा.

तुलनेसाठी मी एक तक्ता छापून घेतला होता. त्यात वजन, चार्जिंग, किती पट मोठं दिसतं, किती रुंद दिसतं, नाकाला टोचतो का, घाम आला की घसरतो का असे बावीस मुद्दे, आणि समोर तीन चष्म्यांचे तीन रकाने. तक्त्याचा मला फार अभिमान होता. मी तो लॅमिनेट केला होता.

खरं म्हणजे त्याच्या आधीच मला एक धडा मिळाला होता, पण मी तो नीट घेतला नव्हता. सिहोऱ्याच्या कुसुमताई, निवृत्त शिक्षिका. त्यांनी माझ्या खोलीत जुन्या मॉडेलच्या एका जड चष्म्यातून भिंतीवरच्या अक्षरांची शेवटची ओळ घडाघडा वाचली. मी टाळ्या वाजवल्या आणि मुलाने आईसाठी तो आणवला. वर्षभराने सिहोऱ्याच्या शिबिराला गेले तेव्हा त्यांच्या घरी डोकावले. चष्मा कपाटात, लग्नातल्या शालूत गुंडाळलेला, आणि कॅमेऱ्यावर हळदीकुंकू. मी विचारलं, हे काय? त्या शांतपणे म्हणाल्या की दसऱ्याला शिलाई मशीन, मिक्सर आणि हा चष्मा, तिघांची पूजा होते, झेंडूची माळही घालतो. बाकी वर्षभर? बाकी वर्षभर त्या दारातल्या उन्हात बसून साध्या हातातल्या भिंगाने वाचतात. भिंग आधीपासून होतं. मी विचारलंच नव्हतं.

एवढी मोठी पूजा माझ्या हातून कोणाची झाली नव्हती. हसत हसत बाहेर पडले, पण बसमध्ये हसू उतरलं. त्या माऊलीने माझा मान राखायला ती वीट सांभाळून ठेवली होती.

आता उरकुडाजी. आमच्याकडे धान घरात आलं की गावोगाव शंकरपट भरतो. बैलांची जोडी छोट्या छकड्याला जुंपतात, त्यावर धुरकरी बसतो, आणि जोडी एकटीच घड्याळाशी पळते. सुटायच्या रेषेवर एक झेंडी पडते, घड्याळ सुरू. पोचायच्या रेषेवर दुसरी झेंडी पडते, घड्याळ बंद. सेकंदाच्या तुकड्यावर गावांची इज्जत असते. एकोडीच्या पुढच्या एका गावात ही दुसरी झेंडी वर्षानुवर्षं उरकुडाजींच्या हातात होती. गावाचं नाव मी लिहीत नाही, कमिटीवाले वाचणारे आहेत. त्यांची झेंडी पडली की बोलणं संपलं, हरलेला धुरकरीही त्यांच्या पाया पडून जायचा.

मग मधली काही वर्षं पट बंद राहिले. पट परत सुरू झाले तोवर उरकुडाजींच्या डोळ्यांच्या पडद्याची मधली जागा झिजून गेली होती. अशा माणसाला कडेचं दिसतं, पण ज्याच्याकडे रोखून बघेल नेमकं तेच डागाखाली जातं. आदल्या वर्षी त्यांची झेंडी दोनदा चुकली. दोन गावांत हमरीतुमरी झाली. कमिटीचे अध्यक्ष गुलाबराव हे अनुसयाबाईंचे सख्खे धाकटे भाऊ, म्हणजे उरकुडाजी त्यांचे भाटवे, बहिणीचे यजमान. गुलाबरावांनी भाटव्यांसाठी सन्मानाने तोडगा काढला. पुढच्या पटात पहिल्या रांगेत गादीची खुर्ची, शाल, नारळ आणि माइकवरून चार चांगले शब्द. झेंडी दुसऱ्याकडे.

"शाल पांघरवून बसवून राहिले मले," उरकुडाजी म्हणाले. "म्हताऱ्या बैलाले झूल घालतेत ना, तसं. मले शाल नाई पाहिजे जी. झंडी पाहिजे."

नवरात्रानंतर ते माझ्याकडे यायला लागले होते. चष्मे यायच्या आधी मी त्यांना आमच्या धंद्यातली सगळ्यात जुनी आणि फुकटची युक्ती शिकवली. सरळ बघू नका, नजर बाजूला न्या, म्हणजे हवं ते कडेच्या चांगल्या भागात येईल. ताटातली भाजी बघायची तर ग्लासकडे बघा. ते पटकन शिकले. पण एवढ्यावर पट कसा जिंकायचा? आणि त्याच सुमारास ते तीन चष्मे आले. माझ्यातली नटी जागी झाली. मी ठरवलं, हाच माझा पेशंट.

चाचणी त्यांच्या घरीच घेऊ, असं मी सुचवलं. दवाखान्याची गाडी, मी, तीन डबे, लॅमिनेट केलेला तक्ता. अंगणात निम्मं गाव. पहिला मान बोलक्याचा. उरकुडाजींनी तो घातला आणि तोंड पत्नीकडे वळवलं. आवाज मी बाहेर सर्वांना ऐकू येईल असा ठेवला होता, कारण नाटक करायचं तर प्रेक्षकांना ऐकू आलं पाहिजे. बोलका गंभीरपणे म्हणाला, "समोर एक व्यक्ती आहे."

अनुसयाबाई म्हणाल्या, "चाळीस वर्सांत या घरात पयल्यांदा कोनीतरी मले व्यक्ती म्हटलं. हा चष्मा राहू द्या जी."

पण तोवर उरकुडाजी गोठ्याकडे वळले होते. तिथे त्यांचा लाडका, काळाभोर, शिंगं रंगवलेला पटाचा बैल उभा होता. बोलक्याने विचार केला आणि सांगितलं, "समोर एक गाय आहे."

मग मागून कोणीतरी फुसकन हसलं. उरकुडाजींनी चष्मा काढला, घडी घातली आणि माझ्या हातात दिला. "याले अगुदर चष्मा लावा," म्हणाले, म्हणजे आधी यालाच. तक्त्यात यासाठी रकाना नव्हता. मी 'पसंत नाही' असं लिहिलं.

शेपटीवाल्याची गत त्याहून वाईट. त्यांनी मान वळवली की वायर ताणली जायची, आणि बैलाने ती गवत समजून चाटून बघितली. मग आला थोरला. मी तो त्यांच्या डोक्यावर चढवला, पट्टा आवळला, चित्र मोठं केलं. ते बैलासमोर उभे राहिले. मग हात पुढे करून बैलाच्या डोळ्याखाली बोट नेलं आणि म्हणाले, इथं पांढरा केस आलाय. कधी आला? अनुसयाबाई म्हणाल्या, दोन वर्सं झाली. ते म्हणाले, मले कोनी सांगतलं नाई.

मी तक्त्यावर थोरल्याच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत बरोबरच्या खुणा केल्या. आणि मग, कोणी विचारलं नसताना, अंगणात उभी राहून जाहीर केलं की यंदाची झेंडी उरकुडाजीच पाडतील. लोकांनी टाळ्या वाजवल्या. गुलाबराव टाळ्या न वाजवता माझ्याकडे आले आणि हळूच म्हणाले की मॅडम, तुम्ही म्हणता तर एक संधी, पण पटाच्या चार दिवस आधी सराव आहे, तिथं माझ्या मोबाइलसमोर झेंडी पाडून दाखवा. एक जरी चुकली तर शाल. ती तर आणूनच ठेवली आहे, म्हणाले.

सरावाच्या सकाळी मी रजा टाकून गेले. गावच्या बोडीच्या, म्हणजे छोट्या तलावाच्या, पाळीखाली धावपट्टी. गुलाबरावांनी पोचायच्या रेषेवर स्टुलावर मोबाइल ठेवला, हळू चालणाऱ्या चित्रात सगळं टिपायला. उरकुडाजी धुतलेल्या धोतरात, डोक्यावर थोरला, हातात लाल झेंडी. जोडीकडे सरळ तोंड करून, छाती काढून उभे. झेंडीवाल्याने जोडीकडे तोंड करूनच उभं राहायचं, हा त्या पटाचा रिवाज. तोंड फिरवलं तर जोडीचा अपमान.

पहिली जोडी आली. मातीचा फुफाटा, धुरकऱ्याची आरोळी, आणि झेंडी पडली. पडली खरी, पण जोडी रेषेवरून निघून गेल्यावर. मोबाइलमध्ये स्पष्ट दिसत होतं, रेषेवर बैलांची तोंडं नव्हती, छकड्याची चाकं होती. दुसरी जोडी, तेच. तिसरीच्या वेळी त्यांनी मान फिरवून जोडीला धरायचा प्रयत्न केला, तर ती त्या चिंचोळ्या चित्रातून पार निसटली. चौथी, पाचवी, दोन्ही उशिरा.

काय होतंय ते मला दुसऱ्याच जोडीला कळलं होतं. कॅमेऱ्याने टिपायचं, आतल्या यंत्राने मोठं करायचं, मग पडद्यावर दाखवायचं, याला वेळ लागतो. पापणी लवण्याहूनही कमी. पंचांग वाचताना तो जाणवत नाही, सुनेचा चेहरा बघताना जाणवत नाही. उरकुडाजी बघत होते ती जोडी किंचित मघाची होती. बावीस मुद्द्यांत हा मुद्दा नव्हता, कारण माझ्या खोलीत कधीच काही पळत नाही.

गुलाबराव ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते जवळ येऊन म्हणाले, "भाटवे, शाल चांगली हाय. नागपूरहून आनली."

उरकुडाजींनी थोरला काढून मला दिला. आतून भिजला होता. मला त्यांच्याकडे बघवेना आणि त्यांनाही आमच्याकडे बघायचं नव्हतं. त्यांनी तोंड फिरवलं, तिकडे पाळीवरच्या मोहाच्या झाडाकडे, आणि तसेच उभे राहिले. झेंडी अजून हातातच होती. तिकडच्या टोकाला मात्र सराव थांबल्याचं कोणाला कळलं नव्हतं. सहावी जोडी सुटली. आम्ही सगळे धावपट्टीतून बाजूला पळालो. उरकुडाजी रेषेच्या कडेला होते, तिथून हलले नाहीत. मोहाच्या झाडाकडे बघत उभ्या असलेल्या त्या माणसाचा हात, जुन्या सवयीने, खाली आला.

जोडी गेली. धुरळा बसला. कोणाच्या लक्षात काही आलं नव्हतं, फक्त अनुसयाबाई त्यांच्या बाजूलाच उभ्या होत्या. त्या भावाला म्हणाल्या, "गुलाब, थो मोबाइल पाय."

गुलाबरावांनी पाहिलं. मग परत पाहिलं. मग स्टुलावर बसूनच पाहिलं. बैलांची नाकं रेषेवर आणि झेंडी खाली. केसाचाही फरक नाही.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि मी तिथेच स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. तीन महिने मीच त्यांना शिकवत होते, सरळ बघू नका, बाजूला बघा. डोळ्याच्या मधल्या भागाला बारीक दिसतं, पण हलणारं टिपण्यात कडेचा भाग पटाईत असतो. उरकुडाजींची ती कड शाबूत होती. शिवाय टापांचा आवाज आणि पायाखालच्या जमिनीचा थरार होताच. मी मात्र त्या चांगल्या कडेवर वीट बांधून त्यांना सरळ उभं केलं होतं. भाजीसाठी ग्लासकडे बघणाऱ्या माणसाला जोडीसाठी झाडाकडे बघा, हे सांगायचं मला सुचलं नाही. आणि त्यांनाही नाही, कारण भाजीचा अपमान होत नाही.

मी सांगितलं की परत करा, तोंड झाडाकडे. उरकुडाजी तयार होईनात. लोक काय म्हणतील, झंडीवाला दुसरीकडं पाहून राहिला? तेव्हा अनुसयाबाई बोलल्या, अगदी सावकाश. "लग्नात अंतरपाटाखालून बाजूनं मले पायलं होतं ना तुमी? थे बरोबर दिसलं होतं. आता लाज कायची?"

सगळ्यांच्या देखत उरकुडाजी लाजले. मग झाडाकडे तोंड करून उभे राहिले. पाच जोड्या आल्या, पाच वेळा झेंडी जिथल्या तिथे पडली. शेवटची बघून गुलाबरावांनी मोबाइल खिशात टाकला. भाटव्यांच्या खांद्यावरचा धुरळा झटकला.

पटाच्या दिवशी मी पहिल्या रांगेत होते, बायकांत नव्हे तर कमिटीत, कारण थोरला माझ्या मांडीवर होता. दवाखान्याने शेवटी तोच ठेवून घेतला. सकाळपासून झाडांखाली बांधलेल्या जोड्या उरकुडाजी त्यातूनच बघत फिरत होते, एकेकाची शिंगं, खूर, डोळे. उभा बैल डब्यातून पाहायचा, पयता बैल डोळ्यानं, असा त्यांनी निकाल दिला आणि थोरला माझ्याकडे सोपवला. तक्ता मी नवीन छापला आहे. आता त्यात चार रकाने आहेत. पहिला रकाना 'चष्म्याशिवाय'. तो भरल्याशिवाय मी कोणताही डबा उघडत नाही. कुसुमताईंसाठी तो रकाना तेव्हा असता, तर त्यात एका शब्दात उत्तर होतं: भिंग. ते मी त्यांना जाऊन सांगितलं. त्यांनी माझी समजूत घातली आणि शंकरपाळे दिले.

पट सुरू होण्याआधी गुलाबराव माइकवर आले. म्हणाले, एक शाल आणून ठेवलेली आहे, ती वाया घालवणं बरं नाही. आणि माझं नाव पुकारलं. मी उठले, पदर सावरला, इकडेतिकडे बघत मंचावर गेले. आयुष्यभर ज्या प्रवेशाची वाट पाहिली तो हाच, असं वाटत होतं. नारळ हातात आला, शाल खांद्यावर आली, आणि गुलाबराव चार चांगले शब्द बोलले. "या मॅडमनी आमच्या भाटव्याचा चष्मा काढला, म्हणून सत्कार." तेवीस वर्षं मी लोकांना चष्मे लावते. सत्कार झाला तो एक काढल्याबद्दल. टाळ्यांचा कडकडाट झाला आणि मी वाकून नमस्कार केला, दोनदा.

मग पहिली जोडी सुटली. उरकुडाजी रेषेवर उभे, तोंड पाळीवरच्या मोहाकडे. मी डोळे फाडून रेषेकडे बघत होते. जोडी आधी आली की झेंडी आधी पडली, मला काही कळलं नाही. घड्याळवाल्याला कळलं. त्याने आकडा सांगितला आणि कोणी तक्रार केली नाही.

माझ्या मागे बाहेरगावचा एक जण शेजाऱ्याला म्हणाला, "काय गा, हा बुढा तर तिकडं पाहून राहिला."

मी खांद्यावरची शाल नीट केली, मागे वळले आणि म्हटलं, "हो जी. थे तसंच पाहायचं असते."